तात्पर्य आणि श्रवण : सातारा-सांगलीतील गोष्ट व वर्ग

मराठी शाळेतील गोष्टीचा साचा सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ (१८२८) या भाषांतरित पुस्तकांपाशी शोधावा लागतो. इसपनीतीच्या परंपरेत बोध हे साध्य आणि गोष्ट हे साधन. शिक्षकाने सांगावे, मुलाने तात्पर्य द्यावे, ही वर्गातील रीत याच साच्याशी सुसंगत ठरली. तिने मुलांच्या स्मरणाला व भाषेला वळण लावले, हे मान्य करावेच लागेल. परंतु या व्यवहारात मुलाने घरी ऐकलेल्या गोष्टीला जागा कोणती?

सातारा-सांगलीच्या परिसरातील दोन साहित्यकृती या प्रश्नाला निराळी दिशा देतात. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध साताऱ्यात राहिले. त्याच संस्थानातील आटपाडी सांगलीत गेली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तर याच संस्थानाने धनगरांच्या वस्तीवर नेमलेला आहे. मुले मेंढरांमागे, शाळा ओस. अशा ठिकाणी तो प्रथम श्रोता होतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी यांच्या हकिगती ऐकत, लोकांची कामे करत तो वस्तीचा विश्वास मिळवतो. शाळा उभी राहते ती या श्रवणाच्या आधारावर. पुढे दुष्काळाने वस्ती उठते. मास्तराच्या निवेदनाला त्यातून काढायचे तात्पर्य सापडत नाही आणि ते शोधतही नाही. कादंबरीचे सामर्थ्य या संयमात आहे.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे, असे सांगितले जाते. त्यांची घडण लोकस्मृती, तमाशा, पोवाडा आणि पुढे मुंबईतील कामगारजीवन यांनी केली. ‘फकिरा’ची (१९५९) सामग्री मातंग समाजाच्या स्मृतीतून आली. जी गोष्ट वर्गाबाहेर सांभाळली गेली, तीच आज अभ्यासक्रमात अभ्यासली जाते. मात्र तिच्यावरही ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ हाच प्रश्न लादला गेला, तर १८२८ चा साचा अबाधित राहतो आणि फकिराचा उठाव एका गुणवर्णनात आटोपतो.

म्हणून कथाकथनाने विद्यार्थ्याचा विकास होतो, हे विधान अपुरे आहे. विकास कथनाच्या हक्काशी निगडित आहे. ज्या मुलाच्या घरची बोली आणि आठवण वर्गात गोष्ट म्हणून स्वीकारली जाते, त्याला आपला अनुभव भाषेत मांडण्याजोगा आहे याची प्रथम जाणीव होते. शिक्षकाचे कथनकौशल्य मोलाचे खरेच. पण बनगरवाडीच्या मास्तराने दाखविलेले श्रवण त्याआधी यावे लागते. आपल्या अध्यापनपद्धतीच्या चर्चेत या श्रवणाचा विचार अद्याप गौणच राहिला आहे.