दक्षिणायन आणि नामदेवरायांची तिथी

मायबाप हो, आज निरूपणाला थोडा इतिहास घेतो आणि थोडं आकाशही घेतो. कंटाळू नका. गोष्ट आपल्याच हिंगोली जिल्ह्यातली आहे.

सेनगाव तालुक्यात एका गावी कीर्तन होतं. कीर्तन झालं, आरती झाली, माणसं पांगली. एक म्हातारी मात्र खांबाला टेकून बसून राहिली. जवळ गेलो तर म्हणाली, "महाराज, आमचे मालक आषाढात गेले. दक्षिणायनात गेलेल्याला गती नाही म्हणतात, खरं का हो?" कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं, आणि वर शांतीचा खर्चही सांगितला होता. घरची जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. मी त्या रात्री तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो, जरा पसरून.

आधी दक्षिणायन म्हणजे काय ते बघू. अयन म्हणजे जाणं. सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही, हे शेतात राबणाऱ्याला सांगावं लागत नाही. पौषात तो त्या लिंबाच्या पलीकडे दक्षिणेला उगवतो, ज्येष्ठात सरकत सरकत पार उत्तरेला जातो. २१ जूनच्या सुमाराला त्याची उत्तरेची मजल संपते आणि तो मागं वळतो. ते वळण म्हणजे दक्षिणायनाचा आरंभ. वळताना तो जणू थबकतो. मार्चात त्याची चाल रोज स्पष्ट जाणवते, पण या वळणाच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा दिवस मिळून तो अर्धा अंशही हलत नाही. वर्षातला सर्वांत मोठा दिवस तो हाच. हिंगोलीला त्या दिवशी सव्वातेरा तासांहून थोडा जास्त उजेड असतो, आणि डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी अकराही पुरते भरत नाहीत.

हे सगळं कशानं? पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशाला थोडा कमी इतका कललेला आहे म्हणून. पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा होतो असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे, बरं का. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सर्वांत लांब असते.

आता एक काम करा. अंगणात सपाट जागी हातभर काठी सरळ रोवा. जुन्या ज्योतिषांचा शंकू तो हाच. आपल्याच महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथं १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या आजोबांच्या लीलावतीत शंकूच्या सावलीचं गणित आहे. तर काठी रोवा आणि ऐन मध्यान्ही सावली बघा. हिवाळ्यात ती उत्तरेला पडते आणि जवळजवळ काठीएवढी लांब असते. पुढं आखडत जाते. मे महिन्याच्या १९ तारखेच्या आसपास ती काठीच्या पायाशीच विरते, कारण सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आणि नंतर? नंतर सावली फिरते! दक्षिणेला पडायला लागते. २१ जूनला दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमाराला बघाल, तर दीड बोट सावली दक्षिणेकडं दिसेल. घड्याळात बारा वाजले म्हणजे आपल्याकडं मध्यान्ह होत नाही, आपलं ऊन वीसबावीस मिनिटं मागं चालतं. जुलैच्या २४ च्या सुमाराला सूर्य पुन्हा डोक्यावर येतो आणि सावली पुन्हा उत्तरेला जाते. तेव्हा मात्र ढग बघू देतील तर!

काल किती जुना आणि किती हलता आहे तेही ऐका. वेदांगज्योतिषात सांगितलं आहे की सूर्य आश्लेषाच्या मध्याला आला की दक्षिण दिशेला वळतो. सहाव्या शतकात वराहमिहिर लिहितो, पूर्वी आश्लेषाच्या मध्यावर दक्षिणायन लागत असेल, आता ते कर्केच्या आरंभी, म्हणजे पुनर्वसूत लागतं. आणि आज? मृग सरता सरता सूर्य वळतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी आर्द्रा निघतं. तुम्हाला नक्षत्रं तोंडपाठ आहेत: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. पेरणी याच हिशेबानं होते. सूर्य या क्रमानं पुढं जातो आणि वळणाची जागा मात्र मागं मागं येते, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. आश्लेषाच्या मध्यापासून इथवर यायला तिला साडेतीन हजार वर्षांच्या आसपास लागली. म्हणून पंचांगात दोन हिशेब आहेत. सायन धरला तर दक्षिणायन २१ जूनला, निरयन धरला तर कर्कसंक्रांतीला, १६ जुलैच्या सुमाराला. मेघनाद साहांच्या समितीनं आखलेलं राष्ट्रीय पंचांग १९५७ पासून सुरू झालं, त्यात सौर आषाढाची पहिली तारीख २२ जूनला येते. आता सांगा, ज्या वळणाची तारीखच दोन ठिकाणी आहे, त्याच्यावरून त्या म्हातारीच्या धन्याची गती कोण ठरवणार?

पण शास्त्रात आहे ना महाराज, असं कुणी म्हणेल. आहे. उत्तरायण हा देवांचा दिवस, दक्षिणायन ही देवांची रात्र. म्हणून आषाढी एकादशीला देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो. गीतेच्या आठव्या अध्यायात शुक्ल आणि कृष्ण अशा दोन गती सांगितल्या आहेत. भीष्माचार्य बाणांच्या शय्येवर उत्तरायणाची वाट बघत राहिले. हे सगळं खरं. पण अर्धं शास्त्र सांगणारा माणूस फार महाग पडतो. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट निर्णय दिला आहे की ज्ञानी दक्षिणायनात गेला तरी त्याचं फळ चुकत नाही. आणि शंकराचार्य त्यावर लिहितात की भीष्मांनी वाट बघितली ती लोकाचार राखायला, आणि बापाच्या वरानं मिळालेलं इच्छामरण दाखवायला.

म्हातारी म्हणाली, "ते ज्ञान्याचं झालं. आमचे मालक साधे माळकरी होते."

बाई चूक बोलली नाही. मग मी तिला नरसीला नेलं, बोलण्यातूनच हो. कयाधूच्या काठची नरसी, आपण जिला नामदेवरायांचं जन्मगाव मानतो. जन्म शके ११९२ चा, म्हणजे १२७०. आणि समाधी कधी? शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी. इंग्रजी साल १३५०. सायन हिशेब धरा की निरयन धरा, दोन्हींनी दक्षिणायन! ज्ञानोबामाउलींची समाधी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीची, तेही दक्षिणायनच. माउलींनी दिवस ठरवून समाधी घेतली. उत्तरायण दीड-दोन महिन्यांवर होतं, थांबता आलं असतं. थांबले नाहीत.

आणि औंढ्याची कथा तर आपल्या घरची. नामदेवराय नागनाथाला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. जिकडं पाय फिरवावे तिकडं पिंड! याच औंढ्याला नामदेवांना देवळासमोरून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच फिरलं, असं आपण सांगतो, आणि देवळामागचा नंदी दाखवतो. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून भिणाऱ्या माणसानं हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघावेत. देव नाही अशी दिशा विसोबांना सापडली नाही. देव नाही असा महिना आपल्याला कुठून सापडणार?

आणखी एक. देवाची रात्र सुरू होते म्हणता, तेव्हा पंढरपुरात काय करतात? आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग काढतात! भक्तांची गर्दी आहे, देवाला झोप कसली? रात्रंदिवस दर्शन सुरू. याच दिवसांच्या आगेमागे शेगावची पालखी रिसोडकडून सेनगाव, जवळा बाजार करत परभणीकडं जाते. तिफण थांबवून माणसं रस्त्याला येतात.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नामदेवांची तिथी त्रयोदशी म्हणालात?" मी हो म्हणालो. तिनं बोटांवर मोजलं. "आमच्या मालकांची दशमी. तीन दिवस आधी." तिनं पदरानं डोळे पुसले आणि खर्चासाठी गाठीला बांधलेल्या नोटा सोडून मोजल्या. म्हणाली, "औंदा बियाणं घेते यातनं. आर्द्रा निघालंय."

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!