पथनाम, संगणकीय
संगणकातील एखाद्या फाइलीचे स्थान सांगणारी चिन्हमाला. आज्ञा टंकित करून चालविल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमला कोणत्या फाइलीवर काम करावयाचे, हे बहुधा पथनामानेच कळविले जाते.

आर. सी. डेली व पी. जी. न्यूमन यांनी १९६५ मध्ये मल्टिक्स प्रणालीसाठी वृक्षाप्रमाणे शाखा असलेली फाइलरचना मांडली. तीत पथनामाचे घटक > या चिन्हाने विलग केले जात. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत त्याजागी तिरपी रेघ (/) आली.

युनिक्समध्ये आज्ञेची ओळ प्रथम शेल हा प्रोग्रॅम वाचतो. मोकळ्या जागेपाशी तिचे शब्द पाडतो, * सारख्या चिन्हाच्या जागी जुळणारी नावे घालतो आणि मगच ते शब्द मूळ प्रोग्रॅमकडे सोपवितो. फाइलीच्या नावात मात्र तिरपी रेघ व शून्य-बाइट यांखेरीज काहीही, अगदी मोकळी जागादेखील, चालते. प्रारंभी नावे जास्तीत जास्त १४ अक्षरांची आणि वापरणारे बहुतेक जाणकार असल्याने हा विरोध फारसा जाचला नाही. स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये (१९७९) मिळालेली पथनामे न तोडता पुढे पाठविण्यासाठी "$@" ही सोय होती. पण तिच्यातील अवतरणचिन्हे गळली, की पथनामांचे पुन्हा तुकडे पडतात. चाचणीसाठी घेतलेली नावे साधी असली, तर ही चूक दिसतही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीत तिरपी रेघ आधीच पर्यायदर्शक म्हणून वापरात होती; म्हणून १९८३ मध्ये निर्देशिका आल्या तेव्हा उलटी रेघ (\) स्वीकारावी लागली. विंडोज ९५ नंतर मोकळी जागा असलेली लांब नावे सर्रास झाली.

नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपल कंपनीच्या आयट्यून्स २ च्या प्रस्थापनेसाठी लिहिलेल्या आज्ञालेखात, जुनी प्रत काढून टाकण्याच्या आज्ञेतील पथनामाला अवतरणचिन्हे नव्हती. ‘डिस्क’ व ‘डिस्क १’ अशी दोन ड्राइव्हची नावे असल्यास दुसऱ्या नावाचा पहिला तुकडा ‘डिस्क’ असाच उरे, व त्या नावाची संपूर्ण ड्राइव्ह पुसली जाई. काही ग्राहकांचा संग्रह असा नष्ट झाल्यावर कंपनीने सुधारित आवृत्ती दिली.

नावात कधीच न येणाऱ्या शून्य-बाइटनेच पथनामे विलग करण्याची पद्धत ग्नू प्रकल्पाच्या साधनांत दीर्घकाळ रूढ होती. पॉझिक्स मानकात ती २०२४ मध्ये समाविष्ट झाली.