झोत आणि पाकळ्या

मनोरीच्या माणसाला दोन पाण्यांची मिसळण समजावून सांगायला नको. ओहोटीचे गढूळ पाणी खाडीच्या मुखातून समुद्रात शिरते, तेव्हा दोहोंमधली रेघ बराच वेळ टिकते. भोवरे उठतात तेथे ती पुसते. आजचा विषय हाच आहे. फरक एवढाच की पाण्याच्या जागी वायू आहे, आणि त्याची गती ध्वनीच्याही पुढची.

कथा सुरू होते गोंगाटापासून. जेट विमाने प्रवासी वाहतुकीत आली आणि विमानतळालगतच्या वस्त्यांची झोप उडाली. १९५२ साली इंग्लंडात जेम्स लाइटहिल यांनी गणिताने दाखवले की झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग दुप्पट, तर ध्वनिशक्ती २५६ पट! तेव्हा झोत बाहेर पडताच भोवतालच्या हवेत मिसळून मंदावला पाहिजे. रोल्स-रॉइस कंपनीतील ग्रेटरेक्स यांनी त्यासाठी नोझलच्या, म्हणजे झोताच्या नळीच्या, गोल तोंडाला चुण्या पाडल्या. १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने सांताक्रूझला आली, त्यांच्या कॉनवे एंजिनांची तोंडे अशीच पाकळीदार होती.

पाकळ्यांनी काय साधते? ठरावीक क्षेत्रफळाला सर्वांत आखूड कड वर्तुळाची असते. पाकळ्या पाडल्या की कड लांबते आणि झोत व हवा यांचा स्पर्श वाढतो. शिवाय पाकळीच्या दोन्ही अंगांना झोताच्या दिशेने लांबणारे भोवरे जन्मतात. ते आतले बाहेर काढतात आणि बाहेरचे आत ओढतात.

पण ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाह मिसळायला फार नाखूश असतो. १९८८ साली अमेरिकेत पापामोस्खू व रॉश्को यांनी मोजून दाखवले की सापेक्ष वेग वाढत गेला, की दोन प्रवाहांमधला मिश्रणाचा थर नेहमीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच फुगतो. हे रॉश्को आणि आपले सतीश धवन हे दोघेही कॅलिफोर्नियात हान्स लीपमन यांचे विद्यार्थी.

हा निव्वळ विद्वानांचा प्रश्न नाही. स्क्रॅमजेट एंजिनात हवा ध्वनीहून वेगाने वाहत असतानाच इंधन जाळायचे असते. दीड मीटरच्या नळीतून हवा सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने गेली, तर मिसळून पेटायला मिळतो सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात मिश्रण झाले नाही तर इंधन न जळताच बाहेर! म्हणून १९९०च्या दशकात मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये पाकळीदार नोझलवर प्रयोग झाले. गोंगाटासाठी शोधलेला आकार अग्नीच्या कामी लावून पाहिला गेला. २८ ऑगस्ट २०१६ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून रॉकेटवर बसवलेली स्क्रॅमजेट एंजिने सुमारे पाच सेकंद चालवून दाखवली.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. भोवरे उठवायला झोताचीच शक्ती खर्च होते, रेटा घटतो. पाकळी खोल केली तर तोटा वाढतो, उथळ ठेवली तर मिश्रण अपुरे राहते. सारी कारागिरी या दोहोंच्या मधोमध आहे. २०१२पासून एअर इंडियाकडे आलेल्या बोइंग ७८७ विमानांच्या एंजिनांभोवतीच्या आवरणाची मागची कड करवतीसारखी दातेरी आहे. चुण्या उथळ झाल्या, तत्त्व तेच राहिले. जेथे बळ वाढवून भागत नाही, तेथे तोंडाचा घाट बदलून भागते. साठ-सत्तर वर्षांचा हा इतिहास एवढेच शिकवतो, आणि ते थोडे नाही.