मत्स्यबीज आणि मूळ वंश : महसीर संवर्धनाचा एक धडा

नदीत मत्स्यबीज सोडले की तिचे गतवैभव परत येते, असा एक सार्वत्रिक समज आहे. महसीर माशाचा इतिहास या समजाची फेरतपासणी करावयास लावतो.

कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील निळ्या परांच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारी यांमुळे महसीर रोडावला. १९७० च्या दशकात टाटा वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण येथे त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांचे कार्य या संदर्भात मूलभूत ठरते. येथील बीज अन्य राज्यांतही गेले.

कावेरीत मात्र वेगळेच घडले. तेथे कुबड असलेला स्वतंत्र महसीर होता. निळ्या परांचा मासा वाढत असताना हा मूळ मासा घटत गेला, असे गळकऱ्यांच्या नोंदींच्या २०१५ मधील अभ्यासातून दिसून आले. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. धरणे व वाळूउपसा हीदेखील कारणे होतीच. तथापि परक्या बीजाचा वाटा नाकारता येत नाही.

ढाणकी परिसर पैनगंगेच्या, म्हणजेच गोदावरीच्या खोऱ्यात येतो. तेथील जलाशयांत बीज सोडण्यापूर्वी स्थानिक जातींची नोंद होणे अगत्याचे आहे. माशांची संख्या वाढली म्हणजे नदीचा मूळ वंश टिकला, असे नव्हे.