विजेच्या पेटीची कुळकथा

दाराच्या आतल्या बाजूस, डोक्याच्या हातभर वर, आपल्या घरात एक पेटी असते. दिवे गेले की घरातल्या सर्वांची नजर तिच्याकडे वळते. एरवी तिला कोणी विचारीत नाही. फार तर तिच्या खिळ्याला कॅलेंडर टांगतात. आज वाचकहो, या पेटीची कुळकथा सांगावयाची आहे. कारण हल्ली घरोघरी एकच बोलणे ऐकू येते, "एसी घ्यायचाय, गीझर घ्यायचाय, बोर्ड मोठा करून घ्यायला पाहिजे." बोर्ड मोठा करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? हे समजावयाचे तर ही पेटी मुळात भिंतीवर आली कशासाठी, तेथपासून सुरुवात केली पाहिजे.

तिचा मूळ पुरुष म्हणजे फ्यूजची तार. ही तार घरगुती विजेपेक्षाही जुनी आहे. १८४७ साली ब्रेगे नावाच्या फ्रेंच कारागिराने तारायंत्राच्या कचेऱ्या विजेच्या कडकडाटापासून वाचविण्यासाठी एक तोड सुचविली होती: तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा, म्हणजे भलता प्रवाह आला तर तो तुकडा जळेल आणि आतले यंत्र वाचेल. पुढे ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून एडिसनने घराघरांना वीज द्यावयास सुरुवात केली, तेव्हा हीच युक्ती शिशाच्या तारेच्या रूपाने कामी आली. योगायोग पाहा, त्याच १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. लावणारी कंपनी मात्र वर्षभरात बुडाली! मुंबईला कायमची वीज मिळावयास १९०५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नोव्हेंबरात बी. ई. एस. टी. कंपनीचे वीजकेंद्र वाडीबंदरला सुरू झाले. त्याची शक्ती होती ४,३०० किलोवॅट. आजच्या हिशेबाने दोन किलोवॅटचे सव्वादोन हजार गीझर एकदम सुरू केले, तर ते सबंध केंद्र खलास!

त्या काळच्या घराची गरजच केवढी होती? साठ वॅटचा दिवा पाव अँपिअर प्रवाह घेतो. चार दिवे आणि एक पंखा धरला तरी दीड अँपिअरच्या आसपास. तेव्हा पाच अँपिअरची फ्यूज म्हणजे चंगळच. लाकडी पट्टीतून रबराचे वेष्टन असलेल्या तारा फिरवावयाच्या, मेन स्विचच्या शेजारी चिनी मातीच्या दोन ग्रिपा बसवावयाच्या, की झाले काम.

आता या ग्रिपेतली ती केसासारखी तार काय करते, ते नीट ध्यानात घ्या. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. भिंतीतली तार फाजील तापली तर वरचे वेष्टन वितळते आणि लाकडी पट्टी पेट घेते. तसे होण्याआधी ग्रिपेतली तार वितळावी आणि वीज तोडावी, एवढाच तिचा धर्म. म्हणजे फ्यूज राखण करते ती भिंतीतल्या तारेची. माणसाची नव्हे, बरे का!

लोकांनी मात्र फ्यूजकडे शत्रू म्हणून पाहिले. दिव्याची वीज आणि पॉवरची वीज यांचे दर वेगळे असत, मीटरही वेगळे. पॉवरचे कनेक्शन घ्यावयाचे कशाला, म्हणून बल्बच्या होल्डरला जोड लावून त्यावर इस्त्री चालविणारी घरे थोडीथोडकी नव्हती. इस्त्रीने चार-पाच अँपिअर ओढले, वर शेगडी लावली, की फ्यूज उडालीच. मग शेजारचा कोणी हुशार गडी स्टुलावर चढे आणि बारीक तारेच्या जागी जाड तांब्याची तार बांधून देई. "आता वर्षभर बघायला नको!" खरेच बघावे लागत नसे. पण आता आधी वितळण्याची पाळी भिंतीतल्या तारेची असे.

आणखी एक जुनी खोड होती. दोन्ही तारांवर, म्हणजे फेजवर आणि न्यूट्रलवरही, फ्यूज बसवीत. दिसावयास हे दुप्पट संरक्षण. पण न्यूट्रलची फ्यूज उडाली तर दिवा विझतो आणि होल्डरात वीज तशीच जिवंत राहते! बल्ब बदलावयास गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत न्यूट्रलवर फ्यूज नको असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही तशा पेट्या जुन्या वाड्यांतून पुढे पुष्कळ वर्षे नांदल्या.

जाड तारेच्या या रोगावर औषध निघाले होते जर्मनीत. मानहाइम येथील ह्यूगो स्टॉट्झ याच्या नावे १९२४ साली एका लहानशा आपोआप तुटणाऱ्या स्विचचे पेटंट झाले. त्यालाच आपण आज एमसीबी म्हणतो. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची पट्टी: प्रवाह थोडा जास्त झाला की ती हळूहळू तापून वाकते आणि खटका सोडते. दुसरे तारेचे वेटोळे: शॉर्ट सर्किट झाले की ते चुंबक बनते आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत खटका ओढते. यात बांधावयाची तार नसल्याने जाड तार बांधण्याचा प्रश्न मिटला. आपल्या घरांतून मात्र ही चीज सर्रास दिसू लागावयास आणखी कित्येक दशके गेली.

पण माणसाचे काय? पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. अमेरिकेत बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून मोजले, तेव्हा आढळले की सुमारे सोळा मिलिअँपिअरलाच सामान्य पुरुषाची मूठ अशी आवळते की धरलेली तार त्याला सोडता येत नाही. याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचा ताल बिघडून मनुष्य दगावतो. तोवर फ्यूजला किंवा एमसीबीला काही घडते आहे याची गंधवार्ताही नसते! उपकरणाच्या धातूच्या अंगाला अर्थिंगची तार जोडणे हा उपाय जुना आणि चांगला आहे. पण अर्थिंग तुटलेले असले, किंवा माणसाने उघडी तारच धरली, तर तो पांगळा पडतो.

खरा उपाय निघाला सोन्याच्या खाणींपायी. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन याने खाणींसाठी एक यंत्र सिद्ध केले. त्यातली कल्पना कोणाही हिशेबनिसाला पटेल अशी आहे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून न्यावयाच्या. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला, तर कडे स्वस्थ. जमेत थोडी जरी तूट आली, तर ती वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली असे समजून खटका पाडावयाचा. रुबिनच्या पहिल्या यंत्राला २५० मिलिअँपिअरची तूट लागे. आपल्या घरातल्या आरसीसीबीला तीस पुरतात. डॅल्झील यांनी १९६१ साली अमेरिकेत आपले वेगळे यंत्र बनविले. फ्यूजनंतर पाऊण शतकाने माणसाची पाळी आली ती अशी.

म्हणून बोर्ड मोठा करताना पहिला प्रश्न पेटीचा नाही, भिंतीतल्या तारांचा आहे. आपल्याकडे तांब्याची टंचाई होती त्या दशकांत हजारो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा पडल्या. ॲल्युमिनियम मऊ; स्क्रूखाली ते दबत जाते, त्यावर गंज चढतो, जोड ढिला होतो आणि तापतो. स्विचच्या कडेला तपकिरी डाग किंवा जळका वास आला, तर हाच संशय धरावा. अशा दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर दहाऐवजी बत्तीस अँपिअरचा एमसीबी चढविणारे वायरमन आजही भेटतात. "आता पडणार नाही बघा," असे ते सांगतात. ही तीच स्टुलावरची जाड तार, फक्त नव्या पेटीतली! गीझरला आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार हवी, वीस अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी हवा आणि खरे अर्थिंग हवे. नळाला बांधलेली तार नव्हे. नळ आता प्लॅस्टिकचे झाले आहेत.

जुन्या घरात आरसीसीबी बसविली की ती पावसाळ्यात वारंवार पडते, अशी तक्रार होते. बहुतेक वेळा भिंतीत ओल मुरलेली असते, किंवा कोणी तरी पूर्वी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून ठेवलेले असतात. म्हणजे ती हिशेबातली तूट बरोबरच दाखवीत असते. ती काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो मुळीच ऐकू नये. दोष शोधून घ्यावा. तिच्यावर 'टी' अक्षराचे एक बटण असते. ते महिन्या-दोन महिन्यांनी दाबून पाहावे. खटका पडला नाही तर ती बदलावी.

राहता राहिली मंजूर भाराची बाब. घरातली वायरिंग आपण बदलली तरी वीज येते ती जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून. सबंध चाळीची मुख्य केबल बहुधा दिवे-पंख्यांच्या जमान्यात टाकलेली असते आणि तिच्यावर एकाचा नव्हे, चाळीस बिऱ्हाडांचा एसी येऊन पडतो. वाढीव भाराचा अर्ज करताना परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल मागतात, तो याचसाठी. तेव्हा त्याला आपल्या पेटीबरोबर ती खोलीही उघडून दाखवावी, आणि केबल बदलण्याचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत घ्यावा.