नक्षी एका मागाची नव्हे

सोलापूरच्या चादरीवरची नक्षी आधी पुठ्ठ्यावर उतरते आणि मग कापडावर. दोऱ्याने ओवलेली भोकांची कार्डे मागावरच्या जेकार्ड यंत्रावर एकामागून एक सरकतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो आणि मधल्या फटीतून धोटा धावतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकारने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. तीच कार्डे तशाच बांधणीच्या दुसऱ्या मागावर चढवली की तीच नक्षी उमटते. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डे योजली आणि हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेची मोजणी भोकांच्या कार्डांवर केली. सूचना वेगळी आणि यंत्र वेगळे, ही संगणकामागची कल्पना विणकरांच्या कामातून पुढे गेली.

घरगुती संगणक आला तेव्हा मात्र ही फारकत दिसेनाशी झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी लाखो लोकांना माऊस धरायला शिकवले. हे मोठेच काम होते. पण शिकवणीला विंडोज, दुकानात विंडोज, शेजारच्या घरीही विंडोज. त्यामुळे संगणक म्हणजेच विंडोज अशी समजूत घट्ट बसली.

विंडोजला पर्याय असलेली दुसरी वाट तोवर तयार होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तर हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्हींच्या परवान्यांत कुणालाही प्रत काढण्याची, आतली रचना वाचण्याची आणि बदलण्याची मुभा होती. भारतात लिनक्स पसरले ते संगणक-मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमधून. २००४ मध्ये उबुंटू नावाचे लिनक्स निघाले आणि मागणी नोंदवली की त्याची सीडी टपालाने फुकट घरी येऊ लागली. ही सोय २०११ पर्यंत चालली. इंटरनेटचा वेग बेताचा असलेल्या गावांत त्या पाकिटाचे मोल फार होते.

अडचण होती ती मराठी अक्षरांची.

त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत फाइलमध्ये साठत ती इंग्रजी अक्षरांची चिन्हे. मराठी रूप फक्त त्या फाँटातच असे. फाँट नसलेल्या संगणकावर अर्ज किंवा लग्नपत्रिका उघडली, की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. एकाच मागावर उमटणारी नक्षी असावी, तसे हे लेखन होते. त्यातून सुटका केली युनिकोडने. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० सोबत मंगल फाँट आला. लिनक्ससाठी रेड हॅटने लोहित ही मुक्त फाँटमाला दिली. इंडलिनक्स प्रकल्पातून आणि स्वयंसेवकांच्या हातून मेनू व सूचना भारतीय भाषांत उतरल्या. २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ हे भारतीय भाषांचे लिनक्स प्रसिद्ध केले.

सोलापूरला याचे महत्त्व अधिक आहे. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, सीमेलगतची कन्नड, बाजारातली उर्दू आणि मराठी, हे सगळे या शहरात शेजारी नांदते. लिनक्सवर घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे आणि खात्याची भाषाही वेगळी ठेवता येते. आजी तेलुगूत, नात मराठीत, संगणक एकच. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘क’ची कळ देवनागरी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही लिप्यांत तीच असते, त्यामुळे एक लिपी टंकायला शिकलेल्या बोटांना दुसरी फारशी जड जात नाही.

विंडोजवरून लिनक्सकडे जाण्याचा बदल आज पूर्वीइतका धास्तीचा नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर उतरवून, हार्डडिस्कला हात न लावता, संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का, हे तिथेच पाहून घ्यावे. मन धजले नाही तर एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदू शकतात. फायरफॉक्स आणि व्हीएलसी दोन्हीकडे तेच. वर्डच्या जागी लिब्रऑफिस येते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. मात्र टॅलीसारखे हिशेबाचे पॅकेज विंडोजसाठीच बनते. तेव्हा पेढीवरचा संगणक आहे तसा ठेवून घरचा आधी बदलणे शहाणपणाचे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि अनेक जुन्या, पण धडधाकट संगणकांत ती नाही. अशा यंत्रांसाठी लिनक्स ही आता खरोखरची निवड आहे. बदलण्याआधी दोन कामे उरकावीत: फोटो-कागदपत्रांची वेगळ्या डिस्कवर प्रत, आणि जुन्या फाँटातल्या मराठी फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर. दुसऱ्या कामाला वेळ लागतो, कारण प्रत्येक जुन्या फाँटाची चिन्हे वेगळी असतात आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावी लागतात. पण एकदा युनिकोडमध्ये आलेली फाइल विंडोजवर, लिनक्सवर किंवा मोबाइलवर सारखीच वाचता येते.