बाटलीचे बूच कसे निवडावे?

पेशींचा पाठ शिकवताना आपण रॉबर्ट हूकचे नाव घेतो. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्याने बुचाच्या पातळ कापाचे चित्र दिले व त्यातील कप्प्यांना 'सेल' म्हटले, इतके पाठ्यपुस्तक सांगते. हूक तेवढ्यावर थांबला नव्हता. एका घन इंचात असे सव्वाशे कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा हिशेब त्याने मांडला. बूच हलके का, ते पाणी का शोषत नाही आणि दाब काढताच पुन्हा का फुगते, याचे उत्तर त्याने या कप्प्यांत कोंडलेल्या हवेत शोधले.

बाटलीला बूच लावण्याची रीत मात्र या उत्तराच्या आधीची. रोमन लोक वाइनच्या मातीच्या कुंभांना बूच बसवून वरून राळ लावीत. पुढे युरोपात ही पद्धत बरीच मागे पडली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांत जाड, मजबूत काच बनू लागली. काचेच्या बाटल्या वाढल्या आणि बूच परत आले.

हे बूच म्हणजे 'क्वेर्कस सुबेर' या ओक वृक्षाची साल. (आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड निराळे, बूच हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला.) सालीसाठी झाड तोडावे लागत नाही. पण पहिली साल निघेपर्यंत सुमारे २५ वर्षे जातात व पुढे पोर्तुगालमध्ये दोन काढण्यांत निदान ९ वर्षांचे अंतर ठेवतात. पहिल्या दोन साली खडबडीत असल्याने बाटलीच्या बुचाला चालत नाहीत. म्हणजे चांगले बूच मिळते तेव्हा झाडाने चाळिशी ओलांडलेली असते.

बुचे पाडण्याचीही एक दिशा आहे. सालीत आतून बाहेर जाणारी वायुरंध्रे असतात. म्हणून बूच खोडाच्या लांबीला समांतर पाडतात. मग रंध्रे बुचात आडवी येतात आणि वाइनपासून बाहेरपर्यंत सरळ वाट राहत नाही. साधारण २४ मिलिमीटर व्यासाचे बूच १८ मिलिमीटरच्या आसपास रुंद असलेल्या गळ्यात दाबून बसवतात. रबर एका बाजूने दाबले की दुसरीकडे फुगते. बूच जवळजवळ फुगत नाही, कारण त्याच्या पेशींच्या भिंती भात्यासारख्या दुमडतात.

कारागिरांनी हे सारे अनुभवातून साधले होते. फसगत झाली ती रंगाच्या बाबतीत. बुचे स्वच्छ, उजळ दिसावीत म्हणून ती क्लोरीनच्या द्रावणात धूत असत. काही बाटल्यांतील वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येई. १९८१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वासामागचे संयुग ओळखले: ट्रायक्लोरोअॅनिसोल. क्लोरीनयुक्त फिनॉलवर बुरशीची क्रिया झाली की ते तयार होते. असे फिनॉल काही कीटकनाशकांतूनही येतात, पण क्लोरीनच्या धुण्याने त्यांत भरच पडत होती. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढे संयुगही वाइन बिघडवते. चांगले दिसण्यासाठी केलेला उपायच बुचाला बाधला!

ग्राहकांचा विश्वास उडाला. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातील उत्पादकांनी आपल्या रीसलिंग वाइनला आटे असलेली अॅल्युमिनियमची झाकणे लावली आणि न्यूझीलंडमध्येही ती लवकरच पसरली. बूच-उत्पादकांनी क्लोरीन सोडून हायड्रोजन पेरॉक्साइड घेतले व वायुवर्णलेखनाने बुचे तपासणे सुरू केले.

यात आणखी एक पक्ष होता. सालीला भाव आहे म्हणून शेतकरी ही ओकची राने राखतात. आणि त्यांच्या आधाराने अनेक पशुपक्षी जगतात. बुचाची मागणी घटली तर ही राने उजाड होतील, असा इशारा वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेने २००६ साली दिला.

धातूचे झाकण वाईट, असे आमचे म्हणणे नाही. त्याने वास टळतो हे खरे. पण बूच निवडणे म्हणजे एका रानाचेही भवितव्य ठरवणे, हे लक्षात ठेवावे. वर्गात हूकचे चित्र दाखवाल तेव्हा एक बूच आणि एक रबरी गुडदी मुलांच्या हाती द्या. दोन्ही दाबून काय दिसते ते त्यांनाच सांगू द्या. पेशी मग आपोआप पुस्तकाबाहेर येतील.